कोणतीही वनस्पती घ्या, कॉलममधून तेच तेल उतरते: थॅलेट, सायटोस्टेरॉल आणि बाटलीत तयार झालेली 'नवी' संयुगे

लक्षण

दोन किलो अडुळशाची पाने वाळवली, दळली, मिथेनॉलमध्ये भिजत घातली. अर्क आटवला, हेक्झेनने धुतला, उरलेला भाग इथाइल ॲसिटेटमध्ये ओढला आणि सिलिकाचा कॉलम (मिश्रणातली संयुगे वेगळी करणारी, सिलिका भरलेली काचेची नळी) लावला. हेक्झेनमध्ये पाच ते दहा टक्के इथाइल ॲसिटेट चालू असताना एक बिनरंगी, किंचित दाट तेल उतरले. टीएलसीवर (सिलिकाचा पातळ थर दिलेल्या प्लेटवर) २५४ नॅनोमीटरच्या दिव्याखाली एकच गोल स्पॉट, शेपूट नाही. वजन वीस-तीस मिलिग्रॅम. एनएमआर (रेणूची रचना सांगणारा आलेख) इतका स्वच्छ की गाईडने पेढे मागावेत.

पुढच्या वर्षी कोणी गुळवेल घेते, त्याच्या शेजारच्या टेबलावर कोणी चित्रकाची मुळे घेते आणि दोघांच्याही कॉलममधून त्याच ठिकाणी तेच तेल उतरते. कुळ वेगळे, वनस्पतीचा भाग वेगळा, तोडणीचा महिना वेगळा. इथे वनस्पतींमध्ये समान काय आहे हे शोधत बसू नका. समान आहे ती प्रयोगशाळा: तेच सॉल्व्हंट, तोच रोटा (सॉल्व्हंट आटवायचे फिरते यंत्र), त्याच नळ्या.

तिन्ही वनस्पतींचे म्हणून जे काही छापायचे असेल त्याआधी एक गोष्ट हवी, आणि ती बहुतेक प्रबंधांत नसते: वनस्पती न घालता केलेला अख्खा प्रयोग. त्याच्याकडे येऊच. आधी तेलाची ओळख.

तेल कोणते आहे

ड्यूटेरेटेड (जड हायड्रोजनच्या) क्लोरोफॉर्ममध्ये घेतलेल्या प्रोटॉन एनएमआरमध्ये ७.७१ आणि ७.५३ पीपीएमला दोन-दोन प्रोटॉनचे सममित गट दिसतात का? ४.२२ च्या आसपास चार प्रोटॉन, १.६८ ला दोन, १.२ ते १.४५ मध्ये सोळा आणि ०.९० ला बारा? कार्बनमध्ये १६७.८, १३२.५, १३०.९, १२८.८, ६८.२, ३८.८, ३०.४, २८.९, २३.८, २३.०, १४.१ आणि ११.०? मग तुमच्या बाटलीत डाय-(२-इथाइलहेक्झाइल) थॅलेट आहे, म्हणजे डीईएचपी. पीव्हीसीची नळी, चादर, फ्लेक्स मऊ राहावेत म्हणून कारखान्यात जे तेल मिसळतात, ते हेच.

मासमध्ये (रेणुभार मोजणाऱ्या यंत्रात) ईएसआय या रेणू सहसा अख्खा ठेवणाऱ्या पद्धतीने ३९१.२८ आणि सोडियमसकट ४१३.२७ हे आकडे येतात. ज्याने मास यंत्र रोज चालवले आहे त्याला ते पाठ असतात, कारण नमुना न टाकताही ते पार्श्वभूमीत दिसतात. ईआय या रेणू तोडणाऱ्या पद्धतीत सर्वांत उंच शिखर १४९, सोबत १६७ आणि २७९.

त्याचा धाकटा भाऊ डायब्युटाइल थॅलेट. त्यात ४.३० ला चार प्रोटॉनचा ट्रिपलेट (तीन फाट्यांचे शिखर) आणि ०.९६ ला सहा प्रोटॉनचा ट्रिपलेट येतो, ईएसआयमध्ये २७९.१६ आणि ३०१.१४. इथे एक घोटाळा नेहमी होतो. ईआयमधले २७९ हा डीईएचपीचा तुटलेला तुकडा आहे, ईएसआयमधले २७९ हा अख्खा डायब्युटाइल थॅलेट आहे. दोन यंत्रांचे आकडे एकाच तक्त्यात टाकून 'दोन्ही पद्धतींनी दुजोरा' असे लिहिलेले वाचले की पुढे वाचायची इच्छा राहत नाही.

दुसरा घोटाळा डाय-एन-ऑक्टाइल थॅलेटचा. रेणुभार तोच, ३९०. ग्रंथालयातल्या स्पेक्ट्रमशी जुळवून सॉफ्टवेअर अनेकदा हे नाव पुढे करते. फरक एनएमआरमध्ये आहे: सरळ साखळी असेल तर ऑक्सिजनशेजारचे प्रोटॉन नीट ट्रिपलेट देतील, फांदी असेल तर गुंतागुंतीचा गट येईल. कार्बनमध्ये ३८.८ ला सीएच आणि ११.० ला मिथाइल दिसले की फांदी आहे, वाद संपला.

ध्रुवण पाहायची सोय असेल तर तेही पाहा. कारखान्यातले २-इथाइलहेक्झेनॉल दोन्ही हातांचे समसमान मिश्रण असते, त्यामुळे त्यापासून झालेल्या थॅलेटचे विशिष्ट घूर्णन शून्य येते.

येते कुठून

'आम्ही प्लॅस्टिक वापरतच नाही' हे उत्तर मला बऱ्याचदा मिळाले आहे. टेबलाशी जाऊन पाहिले की व्हॅक्यूम पंपाची पारदर्शक नळी पीव्हीसीची असते, वॉश बॉटलमध्ये ॲसिटोन असते आणि बीकरवर क्लिंग फिल्म ताणलेली असते.

पण मोठा वाटा सॉल्व्हंटचाच असतो, आणि तो हिशेब कागदावर करता येतो. हेक्झेनच्या बाटलीवर 'अबाष्पशील अवशेष' अशी ओळ असते. समजा तिथे ०.००१ टक्का ही मर्यादा छापली आहे. एक लिटर हेक्झेन सुमारे ६६० ग्रॅम भरते, म्हणजे लिटरमागे ६.६ मिलिग्रॅम अवशेष त्या लेबलला चालतो. तुमच्या कॉलमला पंधरा लिटर लागले, तर जवळपास १०० मिलिग्रॅम न उडणारा माल तुम्ही स्वतःच्या हाताने ओतला. त्यातला पाव हिस्सा जरी थॅलेट असला तरी तो 'दोन किलो पानांतून २५ मिलिग्रॅम' या उताऱ्याला चपखल बसतो. वनस्पतीतले संयुग गोळा करण्यासाठी आपण जे करतो, म्हणजे भरपूर सॉल्व्हंट घेऊन ते आटवत जाणे, त्यानेच सॉल्व्हंटमधली घाणही गोळा होते. मग सिलिका इमानेइतबारे ती शुद्ध करून देते.

आता आपल्याकडची खास वाट. पाने वाळवायला लोक गच्चीवर काय अंथरतात? वाढदिवसाचा नाहीतर निवडणुकीचा जुना फ्लेक्स. फुकट मिळतो, मोठा असतो, पाणी शोषत नाही. तो पीव्हीसीचा असतो. एप्रिल-मेमध्ये गच्ची तापते आणि त्यावर ओली पाने आठ दिवस पडून राहतात. हे थॅलेट वनस्पतीबरोबरच आत येते, त्यामुळे खाली सांगितलेल्या ब्लँकमध्येसुद्धा (वनस्पती न घालता केलेल्या प्रयोगात) ते सापडणार नाही. धुतलेले सुती कापड अंथरा आणि सावलीत वाळवा. बाजारातून वाळलेला माल घेत असाल तर तो कशावर वाळला आणि कोणत्या गोणीत राहिला, हे कोणीच खात्रीने सांगणार नाही. अशा मालातून आलेल्या थॅलेटवर एक ओळही लिहू नये असे माझे मत आहे.

थॅलेटखेरीज इतर पाहुणेही आहेत, त्यांची नावे एका दमात घेतो. ईथर आणि टीएचएफ ही सॉल्व्हंट टिकावीत म्हणून त्यांत घातलेले बीएचटी: ६.९८, ५.०१, २.२७ आणि १.४३ ला चार सिंगलेट (न फुटलेली एकेरी शिखरे), इतके देखणे की नवे फिनॉल वाटावे. सिलिकॉन ग्रीस ०.०७ ला. हायड्रोकार्बन ग्रीस आणि पॅराफिल्मचे मेण १.२६ व ०.८६ ला. प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि पिपेटची टोके घसरती राहावीत म्हणून घातलेले ओलिअमाइड मासमध्ये २८२.२८ ला, इरुकामाइड ३३८.३४ ला. कॉलमच्या बुडाशी कोंबलेल्या कापसातली चरबी आणि मेण; कापूस वापरण्याआधी डायक्लोरोमिथेनने धुवायचा असतो, ते कोणी सांगत नाही. आणि शेवटी, पंधरा-वीस टक्क्यांपेक्षा जास्त मिथेनॉल सोडल्यावर कॉलममधून वाहून येणारी बारीक सिलिका. ही पांढरी पावडर कशातच नीट विरघळत नाही, तिचा एनएमआर कोरा येतो, आणि विद्यार्थी तिला 'अतिध्रुवीय ग्लायकोसाइड' म्हणत महिनाभर सांभाळतो. चिमूटभर पावडर स्पॅच्युलावर घेऊन ज्योतीत धरा. काळी पडली नाही तर ती सेंद्रिय नाही.

ब्लँक कसा घ्यायचा

बहुतेक जण ब्लँक म्हणून ताजे सॉल्व्हंट एनएमआर नळीत घालतात किंवा प्लेटवर एक ठिपका टाकतात. त्यात काही दिसत नाही, आणि दिसणारही नाही, कारण तुम्ही पंधरा लिटर आटवलेले नाहीत.

खरा ब्लँक म्हणजे पूर्ण वाटचाल. सॉक्सलेट (गरम सॉल्व्हंट पुन्हापुन्हा फिरवून अर्क काढायचे उपकरण) लावणार असाल तर रिकामा थिंबल (चूर्ण भरायची नळकांडी) ठेवून तितकेच तास, तितक्याच मिथेनॉलमध्ये. तोच रोटा, तोच बल्ब, तीच बाथची उष्णता. हेक्झेन, इथाइल ॲसिटेट, तेवढेच पाणी, तीच सेपरेटिंग फनेल, तेच सोडियम सल्फेट. मग तितक्याच सिलिकाचा कॉलम, तितकेच सॉल्व्हंट, त्याच क्रमाने, आणि फ्रॅक्शनही (कॉलममधून क्रमाने गोळा केलेले हिस्से) त्याच नंबरांनी. शेवटी प्रत्येक फ्रॅक्शन वजन केलेल्या फ्लास्कमध्ये आटवून वजन घ्या आणि ज्या नंबरला तुमचे तेल उतरले होते त्याचा एनएमआर घ्या.

हे महाग आहे, मान्य. सॉल्व्हंटचे पैसे कोण देणार, असे विचारले जाते. तर छोटा पर्याय: प्रत्येक सॉल्व्हंट एक-एक लिटर स्वच्छ काचेत आटवून एक मिलिलिटरवर आणा. ती तुमच्या फ्रॅक्शनशेजारी एकाच प्लेटवर चालवा आणि एक ठिपका डीईएचपीच्या बाटलीतला टाका. ही बाटली प्रत्येक नैसर्गिक संयुगांच्या प्रयोगशाळेत, फ्रीजबाहेर, वेगळ्या कपाटात असायला हवी. आरएफ (स्पॉट प्लेटवर किती वर चढला त्याचे प्रमाण) जुळला आणि ॲनिसाल्डिहाइड या रंग उमटवणाऱ्या रसायनाची फवारणी करून तापवल्यावरही स्पॉट उठावदार रंग धरत नसेल, तर मोठ्या एनएमआरच्या रांगेत नंबर लावण्याआधी थांबा.

ब्लँकमध्येही तेल निघाले, पण वनस्पतीच्या फ्रॅक्शनपेक्षा कमी निघाले, अशी अवघड परिस्थिती येते. तेव्हा प्रमाण बदलून पाहायचे. वनस्पती दुप्पट घ्या आणि सॉल्व्हंट तेवढेच ठेवा. मग वनस्पती तेवढीच ठेवा आणि सॉल्व्हंट दुप्पट करा. वनस्पतीतले संयुग पहिल्या वेळी साधारण दुप्पट होईल. सॉल्व्हंटमधून येणारा माल दुसऱ्या वेळी दुप्पट होईल. दोन्ही वेळी थोडे-थोडे वाढले तर दोन्हीकडून येते आहे, आणि मग फ्लेक्सची चौकशी करा.

सफाई

सॉल्व्हंट पूर्ण काचेच्या उपकरणात एकदा ऊर्ध्वपातित करा. हेक्झेन ६९ अंशांना उकळते, इथाइल ॲसिटेट ७७ ला, डायब्युटाइल थॅलेट ३४० च्या आसपास आणि डीईएचपी त्याहून वर. इतके अंतर असताना साध्या ऊर्ध्वपातनानेही मोठा फरक पडतो. फक्त फ्लास्क कोरडा होईपर्यंत आटवू नका, तळाचा दहावा हिस्सा टाकून द्या. मिळालेले सॉल्व्हंट पुन्हा प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये भरलेत तर मेहनत वाया.

पंपाकडे जाणारी नळी पीटीएफईची (टेफ्लॉनची) नाहीतर जाड रबराची घ्या आणि मध्ये ट्रॅप लावा. रोटाचा बंप बल्ब रोज धुवा, कारण तिथे आधीच्या माणसाचा अर्क उसळून चिकटलेला असतो आणि तुमचे सॉल्व्हंट त्याला धुऊन तुमच्या फ्लास्कमध्ये आणते. एका वनस्पतीतले अल्कलॉइड दुसऱ्या वनस्पतीत 'प्रथमच' सापडण्यामागे हा बल्ब असू शकतो. व्हायलची झाकणे पीटीएफई अस्तराची असावीत. नसतील तर सॉल्व्हंटने धुतलेला ॲल्युमिनियमचा कागद मध्ये घाला. आकारमान मोजायची नसलेली काच मफल भट्टीत ४०० अंशांवर काही तास ठेवता येते. मोजमापाची काच भट्टीत घालू नका, ऊर्ध्वपातित ॲसिटोन आणि हेक्झेनने विसळा.

पांढऱ्या सुया: हे वनस्पतीचेच आहे, पण

थॅलेट सुटले की दुसरी तक्रार येते. दहा ते वीस टक्के इथाइल ॲसिटेटला पांढऱ्या सुया मिळतात, प्रत्येक वेळी. लिबरमान-बर्चर्ड या स्टेरॉलच्या चाचणीला हिरवा रंग, ॲनिसाल्डिहाइडला जांभळा. ५.३५ ला एक प्रोटॉन, ३.५२ ला एक, १.०१ आणि ०.६८ ला मिथाइलचे सिंगलेट. हे बीटा-सायटोस्टेरॉल. हे ब्लँकमध्ये येत नाही. पेशीच्या आवरणांतच स्टेरॉल असतात, म्हणून जवळजवळ प्रत्येक हिरव्या वनस्पतीतून ते निघते.

अडचण शुद्धतेची आहे. ५.१५ आणि ५.०२ ला १५ हर्ट्झने फुटलेले दोन छोटे गट दिसतात का, ते मोठे करून पाहा. ते स्टिग्मास्टेरॉल. सायटोस्टेरॉल आणि स्टिग्मास्टेरॉलमध्ये फरक फक्त बाजूच्या साखळीतल्या एका दुहेरी बंधाचा, रेणुभार ४१४ आणि ४१२. साध्या सिलिकावर दोन्हींचा आरएफ एकच. त्यामुळे 'टीएलसीवर एक स्पॉट, म्हणून शुद्ध' हे वाक्य इथे साफ खोटे ठरते. ५.३५ चे क्षेत्रफळ १.०० धरा; हा प्रोटॉन दोघांतही आहे. ५.१५ चा प्रोटॉन फक्त स्टिग्मास्टेरॉलमध्ये आहे. त्याचे क्षेत्रफळ ०.३० आले तर तुमच्या सुयांमध्ये ३० टक्के स्टिग्मास्टेरॉल आहे. वितळणबिंदूही बोलतो: सायटोस्टेरॉल १३६ ते १४०, स्टिग्मास्टेरॉल १७० च्या आसपास, आणि तुमचा नमुना या दोहोंमध्ये कुठेतरी ओघळत वितळतो.

वेगळे करायचेच असेल तर सिल्व्हर नायट्रेट लावलेली सिलिका किंवा सी-१८ या भरणाच्या कॉलमवर एचपीएलसी (उच्च दाबाने चालणारे पृथक्करण). पण मला विचाराल तर करू नका. मिश्रण म्हणून, प्रमाण देऊन, एका ओळीत नोंदवा आणि पुढच्या फ्रॅक्शनकडे चला. सायटोस्टेरॉलचा पूर्ण स्पेक्ट्रम छापून प्रबंधाची दहा पाने भरणे हा कागदाचा अपव्यय आहे. त्याचा ग्लुकोसाइड, डॉकोस्टेरॉल, इथाइल ॲसिटेट आणि पाण्याच्या मधल्या थरात पांढरा गाळ होऊन बसतो, क्लोरोफॉर्ममध्ये कुरकुरत विरघळतो आणि डीएमएसओ या सॉल्व्हंटमध्ये ४.२२ ला ७.८ हर्ट्झचा डबलेट देतो. त्यालाही तोच न्याय.

वनस्पतीत नव्हते, बाटलीत तयार झाले

हा भाग सर्वांत फसवा, कारण इथे ब्लँक निर्दोष सुटतो. वनस्पती नाही तर संयुगही नाही. वनस्पतीतला एक रेणू आणि तुमचे सॉल्व्हंट, हवा किंवा अमोनिया यांच्या भेटीतून ते तयार झालेले असते.

अडुळशाचेच घ्या. त्याचे खरे संयुग व्हॅसिसिन. ते अल्कलॉइड आहे, त्यामुळे वरच्या तेलाच्या फ्रॅक्शनमध्ये ते शोधूच नये, आम्लात ओढून मग आम्लारी करून काढावे. व्हॅसिसिन द्रावणात हवा आणि प्रकाश लागला की ऑक्सिडाइझ होऊन व्हॅसिसिनोन होते. मासमध्ये १८९ च्या जागी २०३. व्हॅसिसिनोन पानांतही नोंदवलेले आहे, म्हणून प्रश्न 'आहे की नाही' असा नसून 'किती मूळचे' असा आहे. ताजी पाने थंड मिथेनॉलमध्ये वाटा, त्याच दिवशी एलसी-मासवर (द्रव कॉलमला जोडलेल्या मास यंत्रावर) चालवा. तोच अर्क पारदर्शक बाटलीत टेबलावर ठेवून आठवड्याने पुन्हा चालवा. १८९ खाली आणि २०३ वर सरकत असेल तर तुमच्या उताऱ्याच्या आकड्याला अर्थ नाही. गडद बाटली, नायट्रोजन, आणि क्लोरोफॉर्ममध्ये रात्रभर ठेवणे बंद.

चिराईतात स्वर्टियामारिन नावाचा कडू ग्लायकोसाइड असतो. त्याच्या रेणूत नायट्रोजन नाही. अल्कलॉइड काढण्याच्या सवयीने अर्काला अमोनिया घातला की तोच रेणू अमोनियातला नायट्रोजन उचलून जेन्शियानिन होतो, मासमध्ये १७६. मग 'चिराईतातील अल्कलॉइड' म्हणून त्याची नोंद होते. शंका असेल तर अमोनियाऐवजी सोडियम कार्बोनेट वापरून पुन्हा करा. जेन्शियानिन गायब झाले तर नायट्रोजन कुठून आला होता ते कळले.

दारुहळदीतले बर्बेरिन अमोनियाच्या सोबतीने ॲसिटोनशी जुळते आणि ८-ॲसिटोनाइलडायहायड्रोबर्बेरिन देते. आम्लारी माध्यमात क्लोरोफॉर्मशी जुळून ट्रायक्लोरोमिथाइल रूप देते. नव्या संयुगाच्या रचनेत ॲसिटोनचा किंवा क्लोरोफॉर्मचा अख्खा तुकडा ओळखू येत असेल तर टाळ्या वाजवण्याआधी सॉल्व्हंटच्या कपाटाकडे पाहा. (आणि हे दोन सॉल्व्हंट एकाच वेस्ट कॅनमध्ये टाकू नका. त्यात आम्लारी पडली तर क्रिया इतकी उष्ण होते की कॅन फुटतो.)

कोकणातल्या काजऱ्याच्या बियांतले स्ट्रिक्निन आणि ब्रुसिन डायक्लोरोमिथेनशी क्रिया करून क्लोरोमिथाइलचे चतुर्थक क्षार बनवतात, ही गोष्ट १९७० च्या दशकापासून माहीत आहे. स्ट्रिक्निनसाठी मासमध्ये ३८३ आणि ३८५, तीनास एक या प्रमाणात. क्लोरिनची ही जोडी जमिनीवरच्या वनस्पतीच्या अल्कलॉइडमध्ये दिसली की पहिला संशय सॉल्व्हंटवर. काजरा जहर आहे, तेव्हा हा प्रयोग हातमोज्यांशिवाय आणि फ्यूम हूडबाहेर नको.

हिरडा आणि आवळ्याचे प्रकरण सौम्य पण रोजचे. त्यांतल्या टॅनिनमधला गॅलिक आम्लाचा भाग गरम मिथेनॉलमध्ये सुटतो आणि मिथाइल गॅलेट होऊन बाहेर येतो. मिथाइल गॅलेट काही वनस्पतींत खरोखर असतेही, म्हणून तपासावे लागते. इथेनॉलने अर्क काढा: इथाइल गॅलेट मिळाले तर एस्टरचा हात तुमच्या सॉल्व्हंटचा होता. पाणी मिसळलेल्या ॲसिटोनने काढा: दोन्ही नसतील. आणि खात्रीच हवी असेल तर शंभर मिलिग्रॅम चूर्ण एक मिलिलिटर ड्यूटेरेटेड मिथेनॉलमध्ये ठेवा. मासमध्ये १८५ च्या जागी १८८ आले की मिथाइल बाहेरून आले.

जीसी-मासच्या याद्या

यावर थोडक्यात, कारण राग येतो. इथेनॉलचा कच्चा अर्क जीसी-मासमध्ये (संयुगांची वाफ करून वेगळे करणाऱ्या मास यंत्रात) टाकायचा, सॉफ्टवेअरने दिलेली चाळीस नावे तक्त्यात उतरवायची आणि प्रत्येकासमोर 'कर्करोगविरोधी' लिहायचे, हा धंदा बंद व्हावा. त्या यादीत हेक्झामिथाइलसायक्लोट्रायसिलोक्झेन असेल, २०७ हे शिखर असेल, २८१ असेल, तर ते यंत्राच्या स्तंभातून आणि सेप्टममधून झिरपलेले सिलिकॉन आहे. कोणतीही औषधी वनस्पती ते बनवत नाही. यादीतले थॅलेट कुठून आले ते वर सांगितले. यंत्रात नुसते इथेनॉल टाकून धाव घ्या आणि त्यात आलेली शिखरे वजा करा. उरलेल्यांपैकी ज्यांचा धारणा निर्देशांक (स्तंभातून बाहेर पडायच्या वेळेवरून काढलेला आकडा) जुळतो तेवढीच ठेवा. शिवाय साखरा, ग्लायकोसाइड आणि बहुतेक टॅनिन जीसीमध्ये उडतच नाहीत, म्हणजे ज्या वनस्पतीचे औषधी गुण त्यांच्यावर उभे आहेत तिच्याबद्दल ही यादी मुळात गप्प असते.

थॅलेट खरेच वनस्पतीचे असेल तर

अशक्य नाही. बँगिया ॲट्रोप्युरप्युरिया या लाल शैवालाला किरणोत्सारी कार्बन खाऊ घालून तो थॅलेटमध्ये उतरतो का, हे पाहिलेले काम २००४ साली प्रसिद्ध झाले आणि तो उतरला. म्हणजे दावा करायची वाट आहे, फक्त ती एनएमआरमधून जात नाही.

दुसरी वाट कार्बन-१४ च्या मोजणीची. कारखान्यातले थॅलेट खनिज तेलापासून बनते. लाखो वर्षे जुन्या त्या कार्बनमध्ये ५७३० वर्षे अर्धायु असलेला कार्बन-१४ उरलेलाच नसतो. आजच्या हवेतून पानाने बनवलेल्या रेणूत तो असतो. नमुना शुद्ध आणि पुरेसा असेल तर त्वरकावर आधारित मासमापनाने हा निकाल लागतो. ताज्या पानात थॅलेट सापडले एवढे पुरत नाही, कारण शेतातल्या प्लॅस्टिक आच्छादनातून आणि सांडपाण्यातून मुळे ते उचलू शकतात.

हे दोन्ही करणे तुमच्या आवाक्यात नसेल तर प्रबंधात 'पृथक्करणात डीईएचपी आढळले. प्रक्रियेच्या ब्लँकमध्येही तेच आढळले. ते बाह्य मानले आहे' एवढे लिहा आणि दोन्ही स्पेक्ट्रम पुरवणीत शेजारी-शेजारी जोडा. परीक्षकाला ते आवडते, निदान ज्याने स्वतः कॉलम लावला आहे त्याला.

राहिली जैविक चाचणी. फ्रॅक्शन जंतुनाशक किंवा पेशींच्या चाचणीसाठी दुसऱ्या विभागाकडे जातात आणि तिथे ते कसे मिळाले हे कोणी विचारत नाही. पाठवताना ब्लँकचे त्याच नंबरचे फ्रॅक्शन, त्याच वजनाचे आणि त्याच डीएमएसओमध्ये विरघळवलेले, वेगळ्या संकेतांकाने त्याच खोक्यात ठेवा. संकेतांक काय हे चाचणी करणाऱ्याला निकाल आल्यावर कळवा.